पावणेपाच गुंठे पेशी

निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि पलीकडे कागल, गडहिंग्लज या पट्ट्यात तंबाखू शेतात पिकतो, वखारीत साठतो आणि घराघरांत बायकांच्या मांडीवरच्या सुपात त्याची विडी होते. ती विडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या माणसाची पोटरी थोडं चालल्यावर भरून येऊ लागली, पुढे रात्रीचा पाय ठणकू लागला आणि मग एखादं बोट काळं पडलं, तर डॉक्टरांना संशय येतो तो बर्जरच्या आजाराचा. हातापायांच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, गुठळ्यांनी बंद होतात. बायपास करायचा म्हटलं तर बहुतेक वेळा जोडायला खाली धड वाहिनीच उरलेली नसते. तंबाखू कायमचा सोडणं हा या आजारावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय. त्याला उशीर झाला की बोट जातं, नंतर पाऊल, नंतर पाय.

या पायांसाठी आपल्याच कर्नाटक राज्यात एक औषध तयार होतं. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स या कंपनीच्या स्टेमप्युसेलला २०१६ मध्ये मर्यादित परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये ते बाजारात आणायला मान्यता मिळाली. अनेक निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या मेझेनकायमल पेशी (मूलपेशींचा एक प्रकार) एकत्र करून वाढवायच्या, गोठवायच्या, आणि रुग्णाच्या पोटरीच्या स्नायूत व जखमेभोवती टोचायच्या, असं त्याचं स्वरूप. चाचण्यांमध्ये वजनाच्या दर किलोमागे १० लाख आणि २० लाख अशा दोन मात्रा तपासल्या गेल्या. मोठी मात्रा धरली तर ६० किलोच्या माणसाला १२ कोटी पेशी लागतात.

या १२ कोटींचा हिशेब शेवटपर्यंत केला की मूलपेशींच्या उपचारात खरी अडचण कुठे आहे ते कळतं. वर्तमानपत्रात चमत्काराच्या बातम्या येतात, पण एका पायापुरता चमत्कार करणं आणि हजार पायांना तेच औषध त्याच गुणाचं देणं यांत फार अंतर आहे. ते अंतर कापण्याचं काम मला या सगळ्या शास्त्रातलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

अस्थिमज्जेतल्या एककेंद्रकी पेशींत दहा हजार ते एक लाखामागे एखादीच मेझेनकायमल पेशी सापडते. म्हणजे सुरुवात फार थोडक्यावर होते. समजा हाती १० हजार पेशी लागल्या. दर ३०-४० तासांनी त्या दुप्पट होतात. अशा २० दुपटी झाल्या की कागदावर त्यांच्या १,००० कोटींहून जास्त पेशी होतात, म्हणजे ८५-८७ रुग्णांची सोय झाली. हजार रुग्णांसाठी १२,००० कोटी हव्यात. त्यासाठी आणखी किती दुपटी? फक्त साडेतीन. पाच-सहा दिवस जास्त वाढवलं की काम झालं, असं वाटतं, आणि नेमकी इथेच गफलत होते.

माणसाची साधी पेशी अमर्याद विभागत नाही, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्येच दाखवलं. मेझेनकायमल पेशी तर त्याहून लवकर थकतात. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजावायची गरज नाही: लागणीचा उतारा वेगळा, खोडव्याचा वेगळा, निडव्याचा आणखी वेगळा, शेत लांबून हिरवंगारच दिसतं. पेशींचंही तसंच. वय झालेली पेशी पसरट आणि मोठी होते, तिला दुप्पट व्हायला जास्त वेळ लागतो, बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या चाचणीत ती निळी दिसते. पण ओळखीच्या खुणा, म्हणजे सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५, तिच्या अंगावर तशाच असतात. पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००६ मध्ये ठरवलेल्या निकषांप्रमाणे या तीन खुणा ९५ टक्क्यांहून जास्त पेशींवर असायला हव्यात आणि रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांच्या आत. म्हातारी पेशीही ही परीक्षा आरामात पास होते. म्हणून त्या अहवालावर विसंबून साडेतीन दुपटी ओढून काढणं हे औषधाचं पाणी करणं आहे.

दुपटी मोजण्यातही घोळ होतो. भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी काढून नव्या फ्लास्कांत वाटल्या की एक पॅसेज झाला. बऱ्याच ठिकाणी ‘चौथा पॅसेज’ एवढंच लिहिलेलं असतं. एका प्रयोगशाळेत दर वेळी एका फ्लास्कचे दोन करतात, दुसरीकडे एकाचे आठ. पहिल्यांच्या चार पॅसेजमध्ये ४ दुपटी होतात, दुसऱ्यांच्या १२. लेबल तेच, पेशीचं वय तिप्पट. खरा आकडा काढायला प्रत्येक वेळी किती पेशी पेरल्या आणि किती निघाल्या ते मोजावं लागतं, आणि त्या गुणोत्तराचा दोनच्या पायाचा लॉगॅरिदम घ्यावा लागतो. जास्त पेशी हव्या असतील तर सरळ मार्ग म्हणजे सुरुवातच मोठी करायची: अनेक दाते, त्यांच्या तरुण पेशींची मुख्य पेढी, म्हणजे गोठवलेला साठा, तिच्यातून कामाची पेढी, आणि शेवटच्या पिशवीपर्यंत दुपटींची मर्यादा आधीच ठरवलेली.

आता जागेचा प्रश्न. या पेशी द्रवात तरंगत वाढत नाहीत, त्यांना चिकटायला पृष्ठभाग लागतो. काढणीच्या वेळी दर चौरस सेंटिमीटरला साधारण २५ हजार पेशी मिळतात असं धरू. नेहमीचा मोठा फ्लास्क १७५ चौरस सेंटिमीटरचा. त्यातून सुमारे ४४ लाख. एका रुग्णासाठी असे २८ फ्लास्क. प्रत्येकाचं झाकण उघडायचं, माध्यम (पेशींना पोसणारं द्रव) बदलायचं, परत बंद करायचं, आणि दर उघडझाकीला एखादा जंतू आत जाण्याची संधी. दहा मजली ट्रे वापरला तर ६,३६० चौरस सेंटिमीटर मिळतात, म्हणजे एका रुग्णाची मात्रा आणि वर थोडं. पण पेशींसह तो भरला की सव्वा-दीड लिटर माध्यम त्यात डुचमळतं. तो जरा तिरका राहिला तर एका मजल्यावर पाणी साचतं आणि दुसरा कोरडा पडतो. मधल्या मजल्यावर काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाही.

हजार रुग्णांसाठी एकूण पृष्ठभाग लागतो ४८ लाख चौरस सेंटिमीटर, म्हणजे ४८० चौरस मीटर. आपल्याकडच्या मापात पावणेपाच गुंठे. एवढी जमीन निर्जंतुक ठेवून, ३७ अंशांवर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत, मजल्यावर मजले चढवून सांभाळायची तर माणसं आणि खोल्याच पुरणार नाहीत.

म्हणून मणी. डेक्स्ट्रनचे बारीक मणी मिळतात, व्यास मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. नेहमीच्या वापरातल्या एका प्रकाराच्या एका कोरड्या ग्रॅममध्ये ४,४०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. पावणेपाच गुंठ्यांना असे मणी लागतात १,०९१ ग्रॅम. किलोभर! लिटरला ३ ग्रॅम या हिशेबाने ते ३६० लिटरांच्या आसपास माध्यमात बसतात. ५० लिटरच्या भांड्यात सात-आठ खेपा. मला या आकड्याचं दर वेळी नवल वाटतं.

पण मणी आले की नव्या अडचणी सुरू होतात. पेरणी पहिली. पेशी मण्यांवर आपापल्या नशिबाने बसतात. दर मण्यामागे सरासरी २ पेशी टाकल्या तर शंभरातले तेरा-चौदा मणी रिकामेच राहतात. सरासरी ५ टाकल्या तर हजारातले सात. रिकाम्या मण्यावर पुढे काही उगवत नाही, म्हणून पेरणीत कंजुशी केली तर ती काढणीत दिसते. चिकटण्यासाठी पहिले काही तास ढवळणं थांबवून ठेवावं लागतं: काही मिनिटं हळू फिरवायचं, अर्धा तास थांबायचं, परत फिरवायचं. फार वेळ थांबलं तर मणी तळाशी बसून एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे गठ्ठे होतात. गठ्ठ्याच्या आतल्या पेशींना ऑक्सिजन पोचत नाही, आणि काढणीच्या वेळी त्या सुटतही नाहीत.

मग ढवळण्याचा वेग. मणी तळावरून उचलले जातील इतका हवा, पेशी खरवडल्या जातील इतका नको. पाण्यात पात्यामुळे जे भोवरे उठतात त्यांतले सगळ्यात लहान भोवरे मण्याच्या व्यासाच्या दोन तृतीयांशाहून लहान झाले की इजा सुरू होते, असा एक अनुभवसिद्ध नियम आहे. एक लिटरच्या भांड्यात हे गणित सहज जमतं. तेच ५० लिटरला न्यायचं तर भांड्याची प्रत्येक बाजू ३.७ पट होते. दर लिटरमागची ताकद तेवढीच ठेवली तर पात्याचे फेरे साधारण अडीचपटीने कमी करावे लागतात, तरीही पात्याच्या टोकाचा वेग दीडपट होतो. लहान भांड्यात चालले तेवढेच फेरे मोठ्या भांड्यात ठेवणाऱ्याच्या पेशी पहिल्याच दिवशी मण्यांवरून सुटतात.

ऑक्सिजनचं दुखणं त्याहून अवघड. ३७ अंशांना माध्यमात तो लिटरला जेमतेम ७ मिलिग्रॅम विरघळतो, म्हणजे साठा नसतोच, सतत पुरवावा लागतो. लहान भांड्यात वरच्या पृष्ठभागातून मुरणारा वायू पुरतो. भांडं वाढलं की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग घटतो, तो पुरेनासा होतो आणि खालून बुडबुडे सोडावे लागतात. बुडबुडा वर येऊन फुटतो तेव्हा त्याच्याजवळच्या पेशी फाटतात. प्लुरोनिक एफ-६८ हे रसायन घातलं तर बरंच नुकसान टळतं, पण मग ते शेवटी धुऊन काढलंय हे सिद्ध करायची जबाबदारी येते. लॅक्टेट आणि अमोनिया साचतात ते वेगळंच. त्यातला अमोनिया थोडा असला तरी जास्त नडतो, म्हणून तो ज्याच्यातून तयार होतो ते ग्लुटामिन माध्यमात विचार करूनच घालावं.

माध्यमाचा विषय निघालाच आहे तर खाद्याचं सांगतो. पूर्वापार दहा टक्के गर्भवासराचा सीरम वापरतात. तो दर लॉटला वेगळा निघतो, शिवाय प्राण्यांच्या रोगांची धास्ती असते. त्याला चांगला पर्याय म्हणजे माणसाच्या प्लेटलेटचा लायसेट, म्हणजे फोडलेल्या प्लेटलेटचा अर्क. रक्तपेढीत प्लेटलेटची पिशवी २० ते २४ अंशांवर, हलती ठेवून, पाच दिवसच चालते. मुदत संपलेल्या पिशव्या गोठवून-वितळवून फोडायच्या, सेंट्रिफ्यूजमधून काढायच्या आणि गाळायच्या. माध्यमात घालताना गोठणं रोखणारं हेपॅरिन विसरलं तर अख्खं भांडं जेलीसारखं गोठतं. ४०० लिटर माध्यमात पाच टक्के म्हटलं तरी २० लिटर लायसेट लागतो. एका पिशवीत ६० मिलिलिटर धरले तर सव्वातीनशेहून जास्त पिशव्या, आणि ही फक्त शेवटच्या टप्प्याची एक भरती. डेंग्यूच्या दिवसांत रक्तपेढीत एकही पिशवी मुदत संपेपर्यंत उरत नाही, हे लक्षात घेऊन साठा उन्हाळ्यातच करून ठेवायला हवा. शिवाय पुष्कळ पिशव्या एकत्र केल्या की एका दूषित पिशवीने सगळं नासतं. एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही काविळी, गरमी आणि मलेरिया या तपासण्या झालेल्या असल्या, तरी जंतू निष्क्रिय करण्याची पायरी वगळू नये.

काढणीला आधी माध्यम धुऊन काढायचं, कारण त्यातला सीरम किंवा लायसेट ट्रिप्सिनला, म्हणजे पेशी सोडवणाऱ्या एन्झाइमला, निकामी करतो. ही धुलाई अर्धवट झाली की पेशी सुटत नाहीत, मग घाईने ट्रिप्सिन वाढवलं जातं आणि पेशींच्या अंगावरची प्रथिनं कुरतडली जातात. एन्झाइम टाकून पाच-सात मिनिटं नेहमीपेक्षा जोरात ढवळायचं, लगेच थांबवायचं, जाळीतून मणी अडवून पेशी पुढे घ्यायच्या. विरघळणारे मणीही आता मिळतात. त्यांच्यात हा जाळीचा व्याप वाचतो.

इथवर पोचलेल्याला वाटतं की मुख्य काम झालं. माझ्या मते खरी परीक्षा इथून पुढे असते, आणि संख्या वाढवण्याच्या नादात याच टप्प्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पेशी गोठवायच्या तर त्यांना बर्फापासून वाचवणारं डीएमएसओ हे द्रव घालावं लागतं, साधारण पाच ते दहा टक्के. तेच डीएमएसओ उबदार पेशींना विषारी असतं. म्हणून ते थंड घालायचं आणि अर्ध्या-पाऊण तासात गोठवणं सुरू करायचं. दहा पिशव्या असतील तर एक माणूस हे करू शकतो. शंभर पिशव्या असतील, आणि भरायला, सील करायला, लेबल लावायला दर पिशवीला एक मिनिट लागत असेल, तर शेवटची पिशवी पावणेदोन तास डीएमएसओत भिजत राहते. त्यात भरणीच्या भांड्यात पेशी खाली बसत जातात. भांडं सतत हलतं ठेवलं नाही तर पहिल्या पिशवीत भरमसाट आणि शेवटच्या पिशवीत विरळ, असा प्रकार होतो, आणि तपासणीसाठी मधली पिशवी उचलली तर आकडा अगदी बरोबर येतो. म्हणून पहिली, मधली आणि शेवटची अशा तिन्ही पिशव्या मोजाव्यात. कोणत्याही भरणीबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारेन.

गोठवण्याचा नेहमीचा वेग मिनिटाला एक अंश. पाण्याचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते. त्या क्षणी यंत्राने थंडीचा एक झटका दिला नाही तर पिशवीचं तापमान उलट चढतं आणि पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक वाढतात. यंत्रात एक पिशवी ठेवून बसवलेला कार्यक्रम चाळीस पिशव्यांना लागू होत नाही, कारण चाळीस पिशव्यांची उष्णता चाळीसपट असते. नंतरचा मुक्काम द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० अंशांखाली. उणे ८० च्या फ्रीझरवर महिनोन्‌महिने भरवसा ठेवू नये.

तपासण्यांचं थोडक्यात सांगतो. पेशी १५-२० मायक्रॉनच्या, आणि निर्जंतुक करणारी गाळणी ०.२ मायक्रॉनची. त्यामुळे तयार औषध गाळता येत नाही, उकळता येत नाही. सुरुवातीपासून स्वच्छता सांभाळणं एवढंच हाती असतं. निर्जंतुकतेची चाचणी १४ दिवस चालते. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जंतूने माध्यम गढूळही होत नाही, म्हणून त्याचा शोध वेगळा घ्यावा लागतो. अँटिबायोटिक टाकून हे दोष झाकणं म्हणजे रोग्याच्या पायाशी खेळणं. या चाचण्यांचा खर्च लॉटमागे साधारण सारखाच येतो, दहा पिशव्या असोत की शंभर. मोठ्या लॉटने दर उतरतो तो मुख्यतः यामुळे. पण ५० लिटरचं एक भांडं नासलं तर सव्वाशेहून जास्त रुग्णांची मात्रा एका दिवसात गटारात जाते.

आणि शेवटी पेशी काम करते का? नव्या रक्तवाहिन्या उगवण्यासाठी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन लागतं. या पेशी ते किती सोडतात हे मोजून लॉट पास किंवा नापास करता येतो. ही चाचणी महाग आणि कटकटीची, पण वय झालेली पेशी पकडायला ओळखीच्या खुणांपेक्षा हीच उपयोगी. युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळालेलं अ‍ॅलोफिसेल हे मेझेनकायमल पेशींचंच औषध होतं. पुढच्या मोठ्या चाचणीत ते टिकलं नाही आणि २०२४ मध्ये बाजारातून गेलं. त्याच वर्षी अमेरिकेत मुलांच्या एका गंभीर आजारासाठी रायनसिलला मान्यता मिळाली. दोन्ही गोष्टी एकाच शास्त्राच्या आहेत, म्हणून ‘स्टेम सेल’ एवढ्या नावावर विश्वास ठेवू नये.

बेंगळुरूहून बेळगाव रस्त्याने पाचशे किलोमीटर. गोठलेली पिशवी ड्राय शिपरमध्ये येते: आतल्या सच्छिद्र थरात नायट्रोजन मुरवलेला, सांडायला मोकळा द्रव नाही. उभा ठेवला तर तो आठवडाभर आरामात टिकतो. गाडीत आडवा पडला तर तेवढा टिकत नाही. म्हणून पोचल्यावर आधी तापमानाची नोंद पाहायची, मग झाकण उघडायचं. द्रव नायट्रोजन आपल्या गावांना नवा नाही. चिकोडी-अथणीकडे म्हशीला रेतन करायला येणारा माणूस मोटरसायकलवर त्याचाच कॅन घेऊन येतो. कांडी कॅनच्या गळ्याच्या वर फार वेळ धरली की रेत मरतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. एक पिशवी शोधताना दुसऱ्या चार पिशव्या वर काढून ठेवणाऱ्याला हीच शिकवण द्यायला हवी. एकदा उबेला लागून परत थंड झालेल्या पिशवीवर बाहेरून काहीच दिसत नाही.

वितळवणं ३७ अंशांवर, काही मिनिटांत, बर्फाचा लहानसा तुकडा उरेपर्यंत; त्यानंतर वेळ दवडायचा नाही. शस्त्रक्रियेची खोली तयार नसताना पिशवी वितळवली तर सगळी साखळी शेवटच्या तासात वाया जाते. मेलेल्या पेशींना निळं करणाऱ्या ट्रिपान ब्लू या रंगाने जिवंत पेशी मोजाव्यात. ७० टक्के ही नेहमीची खालची मर्यादा, पण वितळल्यावर लगेच जिवंत दिसणाऱ्या काही पेशी पुढच्या काही तासांत मरतात, हे ध्यानात ठेवून टोचायची वेळ ठरवावी.

असा कारखाना बेळगावातच का नको, हा प्रश्न रास्त आहे. उद्यमबागेत ओतकाम आणि हायड्रॉलिक्स, हत्तरगीला विमानाचे भाग. अचूक काम करणारे हात इथे आहेत. तरीही माझं मत असं की आधी घेणारं टोक पक्कं करावं. मोठ्या रुग्णालयात नायट्रोजनचा साठा, वितळवण्यासाठी वेगळी स्वच्छ जागा, मोजणी येणारा तंत्रज्ञ, आणि तंबाखू सोडवण्यासाठी पगारी समुपदेशक, कारण विडी चालू राहिली तर १२ कोटी पेशींनीही फार काही साधणार नाही. संमतीचा कागद मराठीत आणि कन्नडमध्येही, रुग्णाला वाचून दाखवलेला. प्लेटलेटच्या मुदतबाह्य पिशव्या फेकण्याऐवजी नोंद करून साठवायला तर उद्याही सुरुवात करता येईल.

रक्ताच्या आजारांतलं अस्थिमज्जारोपण आणि मान्यता मिळालेली मोजकी औषधं सोडली, तर मूलपेशींचा बाकी कोणताही उपचार चाचणीबाहेर देऊ नये, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जनावर विकून गुडघ्यासाठी किंवा मुलासाठी ‘स्टेम सेल’ घ्यायला निघालेल्या माणसाने दवाखान्यात एवढं विचारावं: मान्यता कुणाची, लॉट क्रमांक कोणता, किती दुपटींच्या पेशी, आणि वितळल्यावर जिवंत किती. उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर पैसे देऊ नयेत.

टोचल्यानंतर घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, जखमेची लांबी-रुंदी आणि रात्रीच्या ठणक्याचा अंक ठरलेल्या महिन्यांनी घ्यावा, आणि तो केसपेपरवर पिशवीच्या लॉट क्रमांकाशेजारी लिहून कारखान्याला कळवावा. कोणत्या लॉटने जखमा भरल्या आणि कोणत्या लॉटने नाही, हे त्यांना दुसऱ्या कोणत्याही यंत्रातून कळणार नाही.